पावण्यांना आधी हरवू द्या

गडहिंग्लज,
२ डिसेंबर १९५१

आदरणीय अक्कांस,
अंबादासचा सप्रेम सलाम.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून रागावला असाल. इथल्या दवाखान्यात सध्या थंडीतापाचे रोगी इतके आहेत, की कंपौंडरनं बाटल्या भराव्यात की चिठ्ठ्या वाचाव्यात तेच कळत नाही.

आता मूळ गोष्ट लिहितो. ऑक्टोबरात मी लग्न केलं. तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. पण सलोमीच्या थोरल्या बहिणीला हे कुठल्या शब्दांत लिहावं ते सुचेना, आणि दिवस गेले. मुलगी नेसरीकडची आहे. नाव शांतव्वा. घरचं बोलणं कानडी, पण मिशनच्या बोर्डिंगात शिकल्यामुळं मराठी लिहिता-वाचता येतं. स्वभावानं गरीब आहे.

नलूला आणा, हा विषय तिनंच काढला. सलोमी गेली तेव्हा नलू आठ महिन्यांची होती. तुम्ही पदराखाली घेतलंत म्हणून ती जगली, हे मी विसरलेलो नाही. पण आता ती पाच वर्षांची झाली. इथं घर आहे, घरात बाईमाणूस आहे. पोरगी मावशीकडं का, म्हणून चार लोक विचारतात. तेव्हा नाताळात कोडोलीला येऊन तिला घेऊन जावं असं ठरवलं आहे. तिच्या मनाची तयारी करून ठेवावी.

आणखी एक. ती तुम्हाला आई म्हणते असं ऐकलं. इथं आल्यावर ती शांतव्वाला आई म्हणेल. म्हणून आतापासूनच तुम्हाला मावशी म्हणायची सवय लावलीत, तर पोरीला सोपं जाईल.

कमीजास्त लिहिलं असल्यास क्षमा असावी.

अंबादास

*

कोडोली,
९ डिसेंबर १९५१

अंबादासराव यांस सलाम.

लग्न केलंत, आनंद वाटला. प्रभू तुमचा संसार सुखाचा करो. हे मनापासून लिहिते आहे. पुढचंही मनापासूनच लिहिते आहे, तेव्हा जरा टेकून बसा आणि मग वाचा.

मनाची तयारी करून ठेवा म्हणता. पोरगी म्हणजे तुमच्या दवाखान्यातलं औषध वाटलं होय, आधी हलवून ठेवायला?

नाताळात नलू मोकळी नाही. हसू नका. आठवडाभर मी शाळेत बिगरीची पोरं सांभाळते आणि रविवारी आमच्या सोप्यात शब्बाथशाळा घेते, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला आहे. आता तो सांगायला कितीसा वेळ लागतो? एकाची शंभर मेंढरं होती, त्यातलं एक हरवलं, नव्याण्णव रानात सोडून तो त्या एकाला शोधायला गेला, सापडल्यावर खांद्यावर घालून घरी आणलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद केला. झाली गोष्ट. पुढं तासभर पोरांनी काय माझं तोंड बघायचं? म्हणून म्हटलं, शंभर मेंढरं करायचीच. ओढ्याची चिकणमाती, पायांना तुरीच्या काड्या, अंगावर लोकर. केरबा धनगराचा कळप सध्या माळाखालच्या शेतात बसला आहे, त्याच्याकडून पोरं लोकरीचे पुंजके घेऊन आली आणि खळ लावून चिकटवत बसली. खिस्ती नसलेल्या घरची पोरंसुद्धा येतात, चिखलात हात घालायला मिळतो म्हणून. माझ्या घरात जिथं बघावं तिथं लोकर. परवा आमटीतसुद्धा निघाली.

मागच्या रविवारी मी एक मेंढरू लपवलं आणि म्हटलं, जा, शोधून आणा. तर सापडली पाच! शोधणाऱ्याला गूळ मिळणार म्हणताना चौघांनी आपापलं मेंढरू आधीच खिशात दडवून ठेवलं होतं. आता यांना कसं रागवायचं?

नलूच्या मेंढराचा एक पाय मोडला. मी दुसरी काडी लावायला गेले तर हात धरला माझा. म्हणाली, "नको आई, हे लंगडतंय. म्हणून तर मागं राहिलं आणि हरवलं." मी इतकी वर्षं हा दाखला शिकवते आहे, पण ते मेंढरू हरवलं कसं, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

नाताळच्या उपासनेनंतर पोरं हा कळप सगळ्यांना दाखवणार आहेत. तुम्ही या, बघा, जेवा. तुम्ही बाप आहात, दार उघडंच आहे. नेण्याचं मात्र माझ्याकडून आत्ताच 'होय' घेऊ नका.

आई म्हणायला मी तिला शिकवलं नव्हतं. मावशी म्हणायलाही शिकवणार नाही.

सगुणा

*

गडहिंग्लज,
१ जानेवारी १९५२

आदरणीय अक्कांस सलाम, व नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

शुभेच्छा लिहिल्या खऱ्या, पण मन थाऱ्यावर नाही. नाताळात तुमच्या घरी दिवसभर होतो. पोरगी सबंध दिवस कणगीमागं दडून बसली. फ्रॉक दाखवला, खाऊ दाखवला, गुडघ्यावर बसून हाका मारल्या. कणगीमागून तिची नुसती चप्पल दिसत होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. परत येताना कोल्हापुरात मोटार बदलायची होती, तर चुकीच्या गाडीत जाऊन बसलो आणि लोकांनी उतरवलं.

अक्का, तुम्ही तिला माझ्याविरुद्ध काही सांगितलं असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्याबद्दल काही चांगलं तरी सांगितलं आहे का?

तुमचा तो दाखला लूकच्या शुभवर्तमानात काढून पुन्हा वाचला. मेंढपाळ शोधायला जातो. मेंढरू काटेरी झुडपात अडकलं असलं तरी तो ते सोडवतो आणि घेऊनच येतो. मी बाप आहे. ईस्टरला पुन्हा येईन, आणि त्या वेळी एकटा परतणार नाही. मोकळं लिहिलं, राग नसावा.

अंबादास

*

कोडोली,
८ जानेवारी १९५२

अंबादासराव यांस,

राग आला. नसावा म्हटल्यानं येत नाही असं कुठं असतं!

काटेरी झुडूप म्हणजे मी, होय ना? बरं. गोवराच्या वेळी या झुडपानं तिला मांडीवर घेऊन रात्री काढल्या. तुमचं तेव्हा कार्ड आलं होतं, 'काळजी घ्यावी' म्हणून. घेतली.

अहो, हरवलेलं कोण, याचा आधी विचार करा. ती या घरातून कुठं गेलीच नाही. तिचं अंथरूण इथं, तिची ताटली इथं, तिच्या शेळीचं करडू इथं. चार वर्षं जो दिसला नाही तो हरवला म्हणायचा, का जी जागची हलली नाही ती?

मी तुमच्याबद्दल वाईट काही बोललेली नाही. चांगलंही फार बोललेली नाही, हे खरं. काय बोलू? तुम्ही गेल्यावर ती कणगीमागून आली, "गेले का?" म्हणून विचारलं, आणि तुमचा खाऊ खाल्ला. फ्रॉक उशाशी ठेवला आहे. घाल म्हटलं की मान हलवते, काढून ठेवू का म्हटलं की घट्ट धरते. जे आहे ते लिहिलं.

दाखल्याचं म्हणाल, तर आमच्या ज्ञानूनं मला गेल्या रविवारी गप्प केलं. हा माळ्याचा पोरगा. म्हणाला, "बाई, नव्याण्णव मेंढरं रानात सोडून गेला? आणि लांडगा आला म्हंजी?" मी म्हटलं, दुसरं कुणीतरी असेल की राखायला. तर म्हणाला, "मग त्याचं नाव गोष्टीत का न्हाय?" पोरानं विचारलं आणि करडाच्या मागं पळून गेलासुद्धा. मी मात्र दिवसभर तेच घोकत बसले. राखणारं कुणीतरी होतंच की अंबादासराव. घरी आनंद झाला तेव्हा त्याला कुणी बोलावलं का, तेही लिहिलेलं नाही.

आता मातीची मेंढरं झाली. पोरं स्वतःच मेंढरं होतात. एकानं हरवायचं, एकानं मेंढपाळ व्हायचं, बाकीच्यांनी सोप्यात ब्यां ब्यां करायचं. पण हरवलेल्याला खांद्यावर बसवून आणतात ना, म्हणून एकालाही कळपात राहायचं नाही. "बाई, मला हरवू द्या की!" "बाई, त्यो दोनदा हरवलाय!" नुसता कालवा.

ईस्टरला या. पण कणगी तिथंच आहे, हे लक्षात ठेवून या.

सगुणा

*

गडहिंग्लज,
१० फेब्रुवारी १९५२

अक्कांना शांतव्वाचा सलाम.

तुम्ही मला ओळखत न्हाई. मी पत्र लिहिते हे त्यांना सांगितलेलं न्हाई. मला तुमच्यासारखं लिहायला येत न्हाई, चुकलं तर पदरात घ्या.

तुमची पत्रं आली की ते एकदा मनात वाचतात, मग मला मोठ्यानं वाचून दाखवतात. रागाचं आलं की आवाज बारीक करतात. पण मला सगळं ऐकू येतं. आमटीतल्या लोकरीला मी हसले. लंगड्या मेंढराला रडले.

ते म्हणतात मी मेंढपाळ. तुम्ही म्हणता हरवला तो बापच. तुमचं दोघांचं चालू दे. पण अक्का, राखणाऱ्याचं नाव गोष्टीत न्हाई असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला वाटलं, माझं तर त्याहून न्हाई. मी या गोष्टीत कुठंच न्हाई. मेंढरू घरी आणल्यावर ज्या बाईच्या दारात उभं करणार, ती बाई कशी आहे, तिला काय वाटतं, हे कुणी विचारत न्हाई. तुम्ही पण न्हाई विचारलं.

मला एकदा नलूला बघू दे. न्यायला येत न्हाई. नुसतं बघून जाईन. लांबून बघा म्हणालात तर लांबून. येऊ का तेवढं एका ओळीत कळवा.

शांतव्वा

*

कोडोली,
१५ फेब्रुवारी १९५२

सौ. शांतव्वाबाईंस,

या. रविवारी आलात तर शब्बाथशाळा असते. लांबून बघायला हे काय सर्कशीचं जनावर आहे?

सगुणा

*

कोडोली,
४ मार्च १९५२

अंबादासराव यांस सलाम.

शांतव्वा परवा रविवारी इथं येऊन गेली. माहेरी जाऊन येते असं तुम्हाला सांगून निघाली होती म्हणे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, या म्हणून मीच लिहिलं होतं. काय झालं ते ती नीट सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आली तेव्हा मी तिच्याशी सरळ वागले नाही. पाणी दिलं, बसा म्हटलं आणि माझ्या कामाला लागले. नलूला हाकही मारली नाही. म्हटलं, बघू दे हिला कणगीमागची चप्पल. पण नलू कणगीमागं गेली नाही. ती दाराला धरून उभी राहिली आणि पाहुणीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघत बसली. तिच्या लेखी ही कुणीतरी पाहुणी. कोण काय ते मी सांगितलं नाही, आणि शांतव्वानंही सांगितलं नाही.

तेवढ्यात पोरं जमली. खेळ सुरू व्हायचा तर हरवणार कोण यावरून रोजची मारामारी. एकमेकांच्या शेंड्या धरेपर्यंत गेली. मी छडी शोधते आहे, तोवर ज्ञानू मोठ्यानं म्हणाला, "आरं, घरात पावणं आल्यात आणि तुम्ही भांडताय व्हय? पावण्यास्नी आधी हरवू द्या की!"

झालं. एरवी कुणाचं न ऐकणारी पोरं, पण पाहुण्याचा मान म्हटल्यावर एका शब्दात गप्प. मी म्हटलं, अरे, मोठ्या माणसाला असं म्हणू नये. तर तुमची बायको उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "हरवते की. कुठं जाऊ?" पोरं हसून लोळायची बाकी राहिली. "सांगितल्यावर हरवणार कसं, मावशी!"

ती परड्यात जाऊन कडब्याच्या गंजीमागं दडली. मेंढपाळाची पाळी त्या दिवशी नलूची होती. हे मी मुद्दाम केलेलं नाही, पाळी तिचीच होती.

आता खेळाचा नियम असा, की शोधणारा जवळ आला की मेंढरानं ओरडायचं. पण हिला नियम कुणी सांगितलाच नाही! ही आपली गप्प. पोरांनी गोठा बघितला, न्हाणी बघितली, ओढ्यापर्यंत जाऊन आली. कंटाळली आणि सोप्यात येऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. पाहुणी परत आपल्या गावाला गेली असणार, असं एकानं ठरवूनही टाकलं. मलाही वाटलं, गेली असेल. खरं लिहिते, बरंच वाटलं.

नलू मात्र बसेना. मी म्हटलं, "राहू दे गं, शेंगा खा." तर माझ्यावरच डोळे वटारले. "आई, ती एकटीच हाय की तिथं!" आणि गेली परत. मी खिडकीतून बघत होते. एक एक जागा पुन्हा बघत, शेळीला बाजूला ढकलत शेवटी गंजीमागं गेली. मग बराच वेळ काहीच दिसेना.

मी जायला निघाले तर दोघी आल्या. खांद्यावर घेता येईना, म्हणून नलूनं तिच्या लुगड्याचा पदर आपल्या खांद्यावरून ओढून घेतला होता, आणि वाकून, लालबुंद होऊन ओढत होती. "सापडलं! लई जड हाय!" म्हणून जी ओरडली, ती पार चावडीपर्यंत गेली असेल. मागून शांतव्वा गुडघ्यात वाकून चालत होती, पदर ताणला जाऊ नये म्हणून. तिच्या केसांत कडबा आणि डोळे लाल. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, कुसळ गेलं.

मग पोरांनी आनंद केला. तो गोष्टीत लिहिलेला आहे, करावाच लागतो. नलूनं आपल्या वाटच्या शेंगा सोलून एक एक तिच्या हातावर ठेवल्या. मी चुलीपुढं जाऊन बसले.

अंबादासराव, गेले तीन महिने आपण दोघं भांडतो आहोत, की मेंढपाळ कोण आणि हरवलेलं कोण. माझ्या पोरीनं ना तुम्हाला विचारलं ना मला. तिला गंजीमागं एक माणूस एकटं दिसलं, तिनं ते घरी आणलं.

शांतव्वा दुपारच्या मोटारीनं गेली. तुमच्या बायकोला मी जेवू घातलं, पण धड दोन शब्द बोलले नाही. तेवढं तिला सांगा, की सगुणाला वाईट वाटतं आहे.

सगुणा

*

गडहिंग्लज,
१६ मार्च १९५२

अक्का,

तुमचं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. मध्येच थांबले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पुढचं मी वाचलं.

कुसळ न्हवतं. तुम्हाला ते कळलंच असंल. मी लहान असताना माझी अव्वा गेली आणि अप्पांनी मला बोर्डिंगात ठेवलं. सुट्टी लागली की सगळ्या मुलींना न्यायला माणसं येत. मी पेटी भरून पायरीवर बसायची. अप्पा लांब गावोगाव सुवार्ता सांगत फिरायचे, त्यांना जमत न्हवतं. मग बाई म्हणायच्या, शांतव्वा, पेटी आत ने. गंजीमागं बसले, पोरांचा आवाज बंद झाला, आणि मला ती पायरी आठवली. मोठ्या बाईला असं रडू येतं का? पण आलं.

नलूला आणा असं मी त्यांच्या मागं का लागले ते आता सांगते. मला वाटायचं, ती पण तिकडं पेटी भरून बसली असंल. तिला न्यायला कुणीतरी जायला पायजे. पण मी बघितलं, ती कुणाची वाट बघत बसलेली न्हाई. ती तिच्या घरी आहे. तुम्ही बरोबर लिहिलं होतं, ती हरवलीच न्हाई.

म्हणून मी त्यांना सांगितलं, पोरगी तिथंच राहू दे. ते म्हणाले, बघू. अक्का, बघू म्हणजे व्हयच, मला आता त्यांचं बोलणं कळतं. ईस्टरला ते येणार न्हाईत. तुम्ही निवांत झोपा.

फक्त कधीतरी मला रविवारी येऊ देत जा. तुम्ही बोलला न्हाई तरी चालंल.

शांतव्वा

*

कोडोली,
१४ एप्रिल १९५२

चि. शांतव्वा,

यापुढं मी तुला अगं-तुगं करणार आहे. आवडलं नाही तर तुझ्या नवऱ्याकडून रागाचं पत्र लिहव.

निवांत झोपा म्हणालीस. महिना झाला, डोळ्याला डोळा नाही. मला हवं होतं तेच तू दिलंस, आणि मला ते घेता येईना. आधी तुझा राग आला. मी भांडून ठेवून घेतली असती तर ती माझी होती. तू सोडून दिलीस आणि मला विचार करायला लावलंस.

मी चाळिशी ओलांडली. शाळेतली पोरं येतात, दोन वर्षं चिखलात खेळतात आणि वरच्या वर्गात जातात. त्यांना धरून ठेवायचं नसतं, हे मी पोरांच्या आयांना बजावून सांगते. स्वतःच्या घरात मात्र ते मला सुचलं नाही. नलूला बाप आहे. तो हरवला होता, पण आता हाका मारतो आहे, आणि तिनं तो फ्रॉक काल ईस्टरच्या उपासनेला घातला. आपण होऊन घातला. बाह्या आखूड झाल्या आहेत, तरी काढेना. शेवटी मी विचारलं, "त्या हिरव्या बांगड्यावाल्या मावशीकडं जायचं का? तिथं तुझे बापू पण आहेत." तिनं करडाला नेता येईल का म्हणून विचारलं.

तर ये आणि घेऊन जा. सुट्टीपुरतं नव्हे. जूनमध्ये तिकडंच पहिलीत घाला. सणाला आणि सुट्टीला माझ्याकडं पाठवायची. पाठवली नाहीस तर मी दारात येऊन बसेन, आणि माझं तोंड कसं आहे ते तुला ठाऊक आहे.

आता नीट वाच. तिला भात गरम लागत नाही, कोमट लागतो. वेणी घालताना डावीकडून सुरुवात कर, उजवीकडून केलीस की रडते, का ते मला अजून कळलेलं नाही. झोपताना पाय उघडे टाकते, पांघरूण घालू नको, लाथाडते. ढग गडगडले की भीत नाही, पण कुणी मोठ्यानं भांडलं की भिते. अंबादासरावांना सांग. खोटं बोलली तर नाक खाजवते. आणि तिनं काही विचारलं तर उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण, तिला चालतं.

आईचं काय, ते मी तुझ्यावर सोपवते. मला मावशी म्हणायला लाव, नाहीतर काही करायला लाव. मी हे वाक्य तीन वेळा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. माझा जीव तिच्यात आहे शांतव्वा, तो काही पेटीत भरून पाठवता येत नाही.

करडू पाठवते आहे. मोटारवाल्याला मी समजावीन.

तुझी अक्का

*

गडहिंग्लज,
२० जुलै १९५२

अक्कांना सलाम.

आधी हे वाचा, की नलू आता बरी आहे. सकाळी पेज प्याली आणि करडाला शाळेत न्यायचं म्हणून भांडली.

मंगळवारी तिला ताप आला. इथं पावसात सगळ्यांच्या घरी आहे. ह्यांनी औषध दिलं, डॉक्टरांना घरी आणलं. दोन दिवस अंग नुसतं तव्यासारखं. तुम्हाला तार करावी असं मी म्हणाले, पण नदीला पाणी आलं होतं, मोटारी बंद होत्या. तुम्हाला नुसता घोर लागला असता.

एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं न्हाई. म्हणून लिहिते.

इथं आल्यावर शेजारच्या बायका तिला म्हणाल्या, हिला आई म्हण. ती म्हणाली, "आई कोडोलीला हाय." मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुला काय म्हणू?" मी म्हणाले, माझ्या आईला मी अव्वा म्हणायची, तू पण म्हण. तेव्हापासून मी अव्वा. ह्यांना ते पहिल्यांदा बरं वाटलं न्हाई. आता तेच घरात येताना विचारतात, नलूची अव्वा कुठं गेली?

तर अक्का, तापात ती हाका मारत होती. अव्वा न्हाई, आई. आई, आई म्हणून. डोळे मिटलेले. मी शेजारीच बसले होते, कपाळावर पाण्याची घडी ठेवत. पहिल्यांदा मी गप्प बसले. ती हाक तुमची, मी कशी घेऊ? दुसऱ्यांदा पण गप्प बसले. मग तिचा आवाज रडवेला झाला. हात अंथरुणावर चाचपायला लागली. मला सोसवेना. मी तुमच्यासारखा आवाज काढायला बघितलं आणि ओ दिली. म्हणाले, "ओ बाळा, मी इथंच हाय." तिनं माझा हात धरला आणि झोपली. घाम आला, ताप उतरला.

मी तुमची हाक चोरली का, अक्का? तिला फसवलं का? ती जागी झाल्यावर मी तिला सांगितलं न्हाई. तुम्ही रागावला तरी चालंल, पण गप्प बसू नका.

शांतव्वा

*

कोडोली,
२४ जुलै १९५२

शांतव्वा,

तुझं पत्र शाळेत मिळालं. पोरांना पाटीवर बाराखडी गिरवायला बसवलं आणि वाचलं. मग त्यांच्याकडं पाठ करून फळा पुसत बसले, कोरा फळा.

तुला एक सांगते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. चार महिने मी अंबादासरावांशी भांडले ती माया होतीच, पण त्याखाली एक भीती होती. मला डोळ्यांपुढं दिसायचं, की ती परक्या घरात आजारी पडली आहे, आई म्हणून हाक मारते आहे, आणि तिथं कुणी ओ देत नाही. त्या एका भीतीपायी मी तिला सोडत नव्हते.

चोरी कसली गं? रागवायचं म्हणतेस, तर एवढ्यावरच रागावते. दोनदा गप्प बसलीस ते चुकलं. पुढच्या खेपेला पहिल्याच हाकेला ओ दे.

तुझी अक्का